पैदाशीची गाय आणि वळू: आधी नोंद, मग तुलना, मग चाचणी, शेवटी निवड

गोठ्यांमधली निवड बहुतेक वेळा उलट्या क्रमानं होते. आधी जनावर डोळ्यांत भरतं, मग त्याच्या आईचं दूध विचारलं जातं, मग सौदा होतो. रक्त तपासायची आठवण होते ती दोन-चार गायी गाभडल्यावर. या क्रमानं चांगलं जनावर हाती लागलंच तर तो नशिबाचा भाग. गायीचं दूध आधी मोजायचं, ते तिच्या बरोबरीच्या गायींशी ताडून पाहायचं, रोगाच्या चाचण्या करायच्या आणि जनावराची ऐट सगळ्यात शेवटी पाहायची, एवढं पाळलं तरी निम्म्या चुका टळतात.

हा लेख नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, कळमेश्वर, हिंगणा, उमरेड, मौदा या पट्ट्यातल्या दूध संस्था, पशुपालक गट आणि कृत्रिम रेतन करणाऱ्यांसाठी आहे. संपूर्ण कार्यक्रम राबवायचा तर आसपासच्या गावांतल्या किमान दीडशे-दोनशे गायी एका नोंदवहीत हव्यात. ज्याच्याकडे चार-पाचच गायी आहेत त्याला टप्पा १, २, ५ आणि ६ एकट्यानंही करता येतात. तुलना आणि वळूची चाचणी मात्र गटाशिवाय होत नाही.

तयारी: कामाला हात घालण्याआधी

पहिला प्रश्न जातीचा. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित, जर्सी संकरित आणि गवळाऊ यांच्या याद्या वेगळ्या ठेवा. गवळाऊ ही वर्धा-नागपूर पट्ट्यातली दुहेरी उपयोगाची जात. एका वेताला साधारण ६०० लिटरच्या आसपास दूध देणाऱ्या या गायीला एचएफच्या मोजपट्टीवर उभं केलं तर पहिल्याच दिवशी ती बाद होईल. गवळाऊत गवळाऊचीच तुलना करायची आणि तिला वळूही शुद्ध गवळाऊचाच लावायचा. वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडीला या जातीचं शासकीय पैदास प्रक्षेत्र आहे, चौकशी तिथून सुरू करा.

संकरितात विदेशी रक्ताचं प्रमाण आधीच ठरवा. हिशोब साधा आहे: आईचे टक्के अधिक बापाचे टक्के, भागिले दोन. ५० टक्के एचएफ गायीला शुद्ध एचएफची कांडी (गोठवलेल्या वीर्याची नळी) भरली तर कालवड ७५ टक्क्यांची होते. ६२.५ टक्क्यांच्या गायीला ५० टक्क्यांचा संकरित वळू दिला तर ५६.२५ टक्क्यांची होते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या नागपुरात सामान्य गोठ्याला ५० ते ६२.५ टक्के पेलतात. फॉगर, पंखे आणि बारमाही हिरवा चारा नसताना ७५ टक्क्यांच्या वर गेलात, तर दूध कागदावर वाढेल आणि गाय उन्हाळ्यात माजावर यायची थांबेल.

साहित्य फार लागत नाही:

- २५ किलोपर्यंतचा डिजिटल टांगता काटा, ५० ग्रॅमपर्यंत अचूक
- दूध काढायच्या बादल्या, प्रत्येकीवर रिकाम्या बादलीचं वजन रंगानं लिहिलेलं
- फॅटच्या नमुन्यासाठी ५० मिलीच्या झाकणाच्या बाटल्या आणि बर्फाची पेटी
- कानातले बिल्ले आणि बिल्ला मारायचा चिमटा
- एक पक्की, शिवलेली नोंदवही (सुट्या कागदांवर चाललेल्या नोंदी दुसऱ्या वर्षी सापडत नाहीत)

फॅटसाठी बर्फाची पेटी हवीच. एप्रिलनंतर बाटली दुपारी मोटारसायकलच्या डिकीत राहिली तर केंद्रावर पोचेपर्यंत दूध फाटतं आणि त्या नमुन्याचा आकडा फेकावाच लागतो.

टप्पा १: ओळख पक्की करा

प्रत्येक गायीच्या कानात १२ अंकी बिल्ला आणि त्याच क्रमांकानं सरकारच्या ‘भारत पशुधन’ या ऑनलाइन नोंदणीत नोंद. वहीत त्यापुढे आईचा क्रमांक, बापाचा क्रमांक, जन्मतारीख, वेत कितवं आणि रेतनाच्या सगळ्या तारखा. बापाचा क्रमांक म्हणजे कांडीवर छापलेला वळूचा क्रमांक. ‘एचएफची भरली’ ही नोंद नव्हे. रिकामी कांडी रेतन झाल्यावर फेकू नका. तिच्यावरचा मजकूर आधी वहीत उतरवा आणि महिन्याभराच्या कांड्या एका डब्यात ठेवा.

बिल्ला पडला तर नवा मारताना जुना क्रमांक नव्याच्या शेजारी लिहा. गावोगावच्या वह्यांत सर्वात जास्त गायी हरवतात त्या इथेच. गाय गोठ्यातच उभी असते, तिचा इतिहास मात्र दुसऱ्या नावावर पडलेला असतो.

वासरू जन्मलं की त्याच दिवशी त्याला बिल्ला. दोन दिवसांनी तीन वासरं एका दावणीला आली की कोण कुणाचं हे शपथेवर सांगणारे भेटतात, पण शपथेवर वंशावळ चालत नाही.

*तपासा:* रेतनाची तारीख आणि विण्याची तारीख जुळते का? संकरित गाय साधारण २७५ ते २८५ दिवसांत विते, देशी गायीला चार-आठ दिवस जास्त लागतात. अंतर २६० किंवा ३०० दिवसांचं निघालं तर बाप वेगळा असण्याची दाट शक्यता आहे. ३०० म्हणजे बहुधा पुढच्या, २१ दिवसांनंतरच्या माजावर गावातला मोकाट सांड लागला. अशा वासराच्या बापाच्या रकान्यात ‘अज्ञात’ लिहा. अंदाजानं भरलेला बाप रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट.

*तपासा:* कालवड जुळ्यातली असून जोडीला गोऱ्हा होता का? अशा दहापैकी नऊहून अधिक कालवडी वांझ असतात. तिला पैदाशीच्या यादीत घेऊच नका.

टप्पा २: दूध नोंदणी

कार्यक्रमाचा कणा हा टप्पा आहे आणि सर्वाधिक फसवणूकही इथेच होते, कधी जाणूनबुजून, कधी आळसानं.

१. विल्यानंतर पहिले चार दिवस चिकाचे, ते सोडा. पाचव्या ते पंचविसाव्या दिवसात पहिली नोंद घ्या. त्यानंतर दर महिन्याला एक दिवस, गाय आटेपर्यंत किंवा ३०५ दिवसांपर्यंत. एका वेताला दहा-अकरा नोंदी होतात.

२. नोंदीच्या दिवशी २४ तासांतल्या सगळ्या धारा मोजायच्या. संध्याकाळपासून सुरुवात करायची असेल तर त्याच दिवशी सकाळची धार पूर्ण निघाली होती हे नोंदणी करणाऱ्यानं स्वतः पाहायचं. आदल्या वेळी दोन लिटर कासेतच ठेवून नोंदीच्या वेळी काढणं ही सर्वात जुनी युक्ती आहे.

३. माप वजनानं, किलोत. लिटरच्या मापात फेस मोजला जातो. ज्यांना लिटरचाच आकडा हवा त्यांनी किलोला १.०३ नं भागावं.

४. फॅटचा नमुना पूर्ण धार निघाल्यावर, बादलीतलं दूध दोनदा ओतून ढवळून घ्या. पहिल्या धारांचं दूध पातळ असतं, शेवटच्या निपटणीत फॅट सर्वात जास्त. नुसत्या निपटणीचा नमुना दिला तर साडेतीनची गाय साडेपाचची दिसते. सकाळ-संध्याकाळचे नमुने दुधाच्या प्रमाणात एकत्र करा: सकाळी ६ किलो आणि संध्याकाळी ४ किलो असेल तर ३० मिली आणि २० मिली.

५. गवळाऊ आणि इतर देशी गायी वासराशिवाय पान्हा सोडत नाहीत. अशा वेळी वासरू पान्ह्यापुरतं लावून बाजूला बांधा आणि चारही सड पूर्ण पिळा. मालक वासराला दूध सोडतोच असं म्हणत असेल तर वासराचं वजन पिण्याआधी आणि प्यायल्यावर घ्या, फरक गायीच्या खात्यात जमा करा. वासरू किती प्यालं याचा अंदाज लिहू नका.

सावधान: ऑक्सिटोसिनचं (पान्हा सोडवणाऱ्या संप्रेरकाचं) इंजेक्शन देऊन काढलेल्या दुधाची नोंद धरू नका. ज्या गोठ्यात ते रोज वापरलं जातं त्या गोठ्यातल्या गायी वळूची आई म्हणून विचारात घेऊ नका. ती गाय स्वतः किती पान्हावते हे कधी कळणारच नाही.

वेताचा हिशोब असा करा. समजा गाय १५व्या दिवशी १२ किलो, ४५व्या दिवशी १४ किलो आणि ७५व्या दिवशी १३ किलो देते. पहिले १५ दिवस × १२ = १८० किलो. पुढचे ३० दिवस × (१२ + १४) ÷ २ = ३९० किलो. त्यापुढचे ३० दिवस × (१४ + १३) ÷ २ = ४०५ किलो. ७५ दिवसांचं दूध ९७५ किलो. याच रीतीनं शेवटपर्यंत जायचं. शेवटच्या नोंदीनंतरचे दिवस त्याच नोंदीच्या आकड्यानं गुणायचे.

गाय २४० दिवसांत आटली तर तिचं वेत २४० दिवसांचंच. ‘अजून दोन महिने दिली असती तर’ म्हणून वाढवायचं नाही. लवकर आटणं हा तिचाच गुण आहे, तो आकड्यात दिसला पाहिजे.

*तपासा:* दहातली एक नोंद तरी दुसऱ्या माणसानं, न सांगता जाऊन पुन्हा घ्यावी. लागोपाठच्या दोन महिन्यांत दूध दीडपट झालेलं दिसलं किंवा एका गोठ्यातल्या सगळ्या गायींचा आकडा गोल असेल (१०, १२, १५) तर त्या गोठ्याच्या नोंदी घरी बसून भरल्या आहेत.

टप्पा ३: तुलना, तीही बरोबरीच्या गायींशी

‘वीस लिटरची गाय’ हे वाक्य बाजारात ठीक आहे, पैदाशीत त्याला किंमत नाही. ते शिखराच्या दिवसाचं दूध असतं, कुठल्या वेताचं ते माहीत नसतं आणि तिला सरकी ढेप किती चारली तेही. वासराला ढेप वारशात मिळत नाही. जो भाग रक्तातून पुढे जातो तेवढाच वेगळा काढायचा आहे.

म्हणून गट पाडा. एका गटात एकच जात, एकच वेत (पहिलं वेत पहिल्याशीच ताडायचं), एकच गाव किंवा सारखी व्यवस्था असलेले गोठे आणि विण्याचा एकच हंगाम. नागपूरसाठी तीन हंगाम पुरेत: मार्च ते जून, जुलै ते ऑक्टोबर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिलमध्ये व्यालेली गाय आपलं शिखर उन्हात जाळते. तिची तुलना डिसेंबरमध्ये व्यालेलीशी केली तर चांगली गाय बाद होईल. गटात पाचापेक्षा कमी गायी असतील तर दोन शेजारची गावं एकत्र करा.

प्रत्येक गायीसमोर गटाच्या सरासरीपेक्षा किती कमी-जास्त ते लिहा. हा फरक सगळाच वारशात जात नाही. दुधाची आनुवंशिकता ढोबळमानानं ०.२५ धरतात, म्हणजे गायी-गायींतल्या फरकापैकी साधारण चतुर्थांशच रक्तातला. गटाची सरासरी १,८०० किलो आणि गाय २,१०० किलोची असेल तर फरक ३००. एका वेताच्या भरवशावर तिचं पैदास मूल्य (फरकातला रक्तातला भाग) ३०० × ०.२५ = ७५ किलो. त्यातलं निम्मं, म्हणजे ३७ किलोच्या आसपास, वासरात उतरतं. तीन वेतांची सरासरी ३०० नं जास्त असेल तर गुणक ०.३७५ होतो आणि मूल्य ११२ किलोवर जातं. दोन वेतांसाठी गुणक ०.३३ घ्या.

हे आकडे ऐकून पशुपालक हिरमुसतात, पण तेच खरे आहेत. २५ लिटरच्या गायीचा गोऱ्हा घेतला की गावभर २५ लिटरच्या कालवडी फिरतील या समजुतीनं जितका पैसा बुडाला तितका खराब कांड्यांनीही बुडाला नसेल.

फॅटच्या टक्क्यांची आनुवंशिकता दुधापेक्षा जास्त असते, त्यामुळे तिथं निवड लवकर दिसते. पण फॅट टक्के आणि दूध उलट दिशेनं सरकतात. फक्त टक्के पाहून निवडलंत तर कमी दुधाच्या गायी वर येतील. एकूण फॅट किलोत काढा: दूध × टक्के ÷ १००.

टप्पा ४: गाय प्रत्यक्ष पाहणं

आता यादीच्या वरच्या दहा टक्के गायींकडे जा. आधी नाही.

कासेचा तळ गुडघ्याच्या वर हवा, मागच्या दोन सडांची जागा आणि लांबी सारखी, पुढची जोड पोटाला घट्ट. मागच्या पायांचे खूर पसरलेले नसावेत, चालताना गाय पाय ओढत नसावी. बसकी, लोंबती कास तिसऱ्या वेतापर्यंत चिखलात लागते आणि पहिल्या पावसाळ्यातच दगडी (कासदाह) गाठते. चारही सडांची सीएमटी (दगडी ओळखायची) चाचणी करा.

प्रजननाच्या नोंदी पाहा: पहिल्यांदा विण्याचं वय, दोन वेतांतलं अंतर, गाभण राहायला किती कांड्या लागल्या. अंतर १४ महिन्यांच्या आत आणि कांड्या दोनपर्यंत असतील तर उत्तम. अंतर आणि कांड्या या दोन गुणांची आनुवंशिकता अगदी कमी, ०.१ च्याही खाली, म्हणून एका गायीच्या आकड्यावरून फार निष्कर्ष काढू नका. पण चार कांड्या खाऊन गाभण राहिलेली गाय वळूची आई करण्यात शहाणपण नाही. लाथ मारणारी, माणसाच्या अंगावर येणारी गायही वगळा. तिचा गोऱ्हा ६०० किलोचा झाल्यावर तो कोण आवरणार?

टप्पा ५: रोगांच्या चाचण्या

निवडलेल्या गायींच्या आणि बाहेरून आणायच्या प्रत्येक जनावराच्या चाचण्या खरेदीच्या आधी, पशुवैद्यकामार्फत. विक्रेत्यानं दाखवलेला कागद पुरेसा नाही. रक्त काढताना बिल्ल्याचा क्रमांक नळीवर तुमच्यासमोर लिहिला गेला पाहिजे.

*ब्रुसेलोसिस.* गायी गाभडवणारा जंतूचा रोग. रक्ताची आरबीपीटी (झटपट चाळणी चाचणी), संशयिताची एलायझा या प्रयोगशाळेतल्या चाचणीनं खात्री. इथे लसीचा घोळ फार होतो. ब्रुसेलोसिसची एस१९ लस फक्त मादी वासरांना, ४ ते ८ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच द्यायची. मोहिमेच्या गडबडीत गोऱ्ह्यांनाही ती टोचली जाते. त्यानं वृषणाला सूज येऊ शकते आणि रक्तात प्रतिद्रव्यं राहून चाचणी गोंधळते. ज्या गोऱ्ह्याला ही लस दिली गेली तो पैदाशीसाठी बाद. उशिरा, मोठ्या वयात लस दिलेल्या गायीही चाचणीत खोट्या बाधित दिसतात, म्हणून लसीची तारीख वहीत हवीच.

सावधान: ब्रुसेलोसिस माणसाला होतो. गाभडलेली गाय, वार आणि मेलेलं वासरू उघड्या हातानं हाताळू नका. वार चुन्यासह खोल पुरा, कुत्र्यांपुढे टाकू नका. दूध उकळूनच वापरा.

*क्षयरोग.* मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन (क्षयाच्या चाचणीचं द्रव्य) टोचायचं, त्याआधी कातडीची घडी कॅलिपरनं मोजायची आणि बरोबर ७२ तासांनी पुन्हा मोजायची. ४ मिमी किंवा त्याहून जास्त वाढ म्हणजे बाधित, २ ते ४ मिमी म्हणजे संशयित. बोटानं चाचपून ‘काही नाही’ म्हणणं ही चाचणी नव्हे, आणि ४८ तासांनी मोजणंही नव्हे. नुकत्याच व्यालेल्या गायीत प्रतिक्रिया दबलेली असू शकते, तिची चाचणी विल्यानंतर दीड-दोन महिन्यांनी करा. एकदा टोचल्यावर पुढची चाचणीही ४२ ते ६० दिवसांनीच.

*जोन्स.* सारखी पातळ हगवण, खाऊनही गाय वाळत जाते. बाधा बहुधा वासराच्या वयात, आईच्या शेणातून आणि दुधातून होते, लक्षणं दोन-चार वर्षांनी दिसतात. म्हणून आज निरोगी दिसणाऱ्या गोऱ्ह्यापेक्षा त्याच्या आईची चाचणी जास्त सांगून जाते.

वळूसाठी यांच्याशिवाय आयबीआर आणि बीव्हीडी हे विषाणूचे रोग, तसंच कॅम्पायलोबॅक्टर आणि ट्रायकोमोनास हे जंतू तपासतात. शेवटचे दोन नैसर्गिक फळवणीतून पसरतात, म्हणूनच गावाच्या सांडाकडून गाय लावून आणणं महागात पडतं. लम्पी होऊन गेलेल्या वळूच्या वीर्यातून विषाणू बराच काळ बाहेर पडू शकतो. प्रयोगशाळेची खात्री होईपर्यंत त्याचं वीर्य घेऊ नका.

टप्पा ६: जुळणी

वरच्या गायींना कुठला वळू द्यायचा ते बसून ठरवा, कांडी कुठली शिल्लक आहे यावर नाही. पहिली तपासणी रक्ताच्या नात्याची. बाप-मुलगी जुळली तर वासरात २५ टक्के अंतःप्रजनन होतं. सावत्र भाऊ-बहीण (बाप एक) किंवा आजोबा-नात जुळली तर १२.५ टक्के. ६.२५ टक्क्यांच्या वर जाऊ नका. एकाच वळूच्या कांड्या गावात चार वर्षं सतत आल्या तर त्याच्याच मुलींना तीच कांडी भरली जाते, आणि याला रेतन करणाऱ्याच्या वहीशिवाय दुसरा कुणी साक्षीदार नसतो.

लहान चणीच्या कालवडीला पहिल्या वेळी मोठ्या वासरांचा बाप देऊ नका. लिंगनिर्धारित कांडीनं सुमारे ९० टक्के कालवडी होतात, पण तिच्यात शुक्राणू कमी असतात आणि गर्भ राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा कमी असतं. ती निरोगी, वेळेवर माजावर आलेल्या कालवडींना वापरा, उलटणाऱ्या (गर्भ न राहता पुन्हा माजावर येणाऱ्या) गायींना नाही. आणि वळू हवा म्हणून केलेल्या जुळणीत ती वापरायची नाही हे उघड आहे, तरी एकदा लिहून ठेवलेलं बरं.

टप्पा ७: गोऱ्हा ते वळू

जन्मल्यावर दोन तासांच्या आत चीक, पहिल्या दिवसात वजनाच्या दहा टक्के. त्यानंतर क्रमानं:

१. डीएनएवरून आई-बापाची खात्री. शेपटीचे मुळासकट केस किंवा रक्त चालतं. हे खरेदीआधी करा. वंशावळ खोटी निघाली की पुढचा सगळा खर्च फुकट.

२. एचएफ रक्ताच्या गोऱ्ह्यात ब्लाड, सिट्रुलिनेमिया, डम्प्स आणि फॅक्टर ११ या जनुकीय दोषांची आणि गुणसूत्रांची तपासणी. वाहक गोऱ्हा दिसायला ठणठणीत असतो. दोष दिसतो तो त्याच्या वाहक मुलींना पुन्हा वाहक वळू मिळाल्यावर.

३. किमान ६० दिवस विलगीकरण, बाकीच्या वळूंपासून दूर, वेगळी भांडी, वेगळा माणूस. टप्पा ५ मधल्या चाचण्या इथे पुन्हा.

४. वृषण: दोन्ही सारखे, हाताला टणक पण लवचीक, बरोबर खाली उतरलेले. घेर फितीनं मोजा. विदेशी जातीत १२ ते १५ महिन्यांच्या वयात ३० सेंमीच्या खाली असेल तर नको. देशी आणि संकरित गोऱ्हे उशिरा भरतात, त्यांची तुलना त्याच वयाच्या, त्याच जातीच्या गोऱ्ह्यांशी करा.

५. वीर्य: ताज्या वीर्यात पुढे सरकणारे शुक्राणू ७० टक्के, गोठवून वितळवल्यावर किमान ५० टक्के, एका कांडीत २ कोटी शुक्राणू. एका नमुन्यावर बाद करू नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे मेमधल्या उन्हाचा किंवा तापाचा परिणाम जून-जुलैच्या वीर्यात दिसतो. ६० दिवसांनी पुन्हा तपासा. नागपुरातले बरेच चांगले वळू पावसाळ्याच्या तोंडाला ‘खराब’ ठरतात ते याच कारणानं.

जीनोमिक चाचणीबद्दल (डीएनएवरून गुणांचा अंदाज) हल्ली बरंच विचारलं जातं. भारतीय गायींसाठीची ‘गौ चिप’ ५ ऑक्टोबर २०२४ला वाशीमच्या कार्यक्रमात देशाला मिळाली. लहानपणीच गोऱ्ह्यांची चाळणी करायला ती उपयोगी आहे. पण चिप जो अंदाज देते तो मोजलेल्या गायींच्या नोंदींवर उभा असतो. ज्या जातीच्या दूध नोंदी थोड्या, तिचा अंदाज तितका कच्चा. टप्पा २ टाळायची पळवाट म्हणून तिच्याकडे पाहू नका. आणि ए२ (दुधातल्या प्रथिनाचा एक प्रकार) जनुकाचा कागद म्हणजे दुधाच्या उत्पादनाची हमी नव्हे, दोन्ही गोष्टी वेगळ्या.

टप्पा ८: मुलींवरून वळूची परीक्षा

वळू स्वतः दूध देत नाही, त्यामुळे त्याच्या मुली मोजल्याशिवाय त्याचं खरं मूल्य कळत नाही. किती मुली हव्यात? ०.२५ आनुवंशिकतेला विश्वसनीयतेचं (अंदाज किती भरवशाचा याचं) सूत्र सोपं आहे: मुलींची संख्या ÷ (मुलींची संख्या + १५). १५ मुलींवर ५० टक्के, ५० मुलींवर ७७ टक्के, १०० मुलींवर ८७ टक्के. शंभरानंतर फार वाढत नाही.

आता कांड्यांचा हिशोब लावा. १,००० रेतनांत ३५ टक्के गर्भ राहिले तर ३५०. गाभडलेल्या, विकलेल्या वगळून ३०० वासरं, त्यात १५० कालवडी. त्यांतल्या निम्म्यांचं पहिलं वेत पूर्ण नोंदवलं गेलं तरी ७५ मुली हातात येतात. वेळ साधारण पाच वर्षं: नऊ महिने गर्भ, अडीच-तीन वर्षांत पहिलं वेत, मग दहा महिने नोंद. या काळात वळूच्या कांड्या राखून ठेवाव्या लागतात. निकाल येईपर्यंत वळू मेला आणि कांड्या संपल्या तर परीक्षा पास झाली तरी उपयोग शून्य.

वाटप करताना परीक्षेतल्या सगळ्या वळूंच्या कांड्या सगळ्या गावांत मिसळून द्या. एका वळूच्या कांड्या कळमेश्वरच्या बागायती गोठ्यांत आणि दुसऱ्याच्या कुहीच्या कोरडवाहू गोठ्यांत गेल्या, तर तुम्ही चारा मोजला, वळू नाही. एका गोठ्यात एका वळूच्या दोन-तीनच मुली असाव्यात.

रेतन करणाऱ्यांची शिस्त इथे वळूच्या खात्यावर चढते. कांडी ३७ अंश पाण्यात ३० सेकंद, थर्मामीटर लावून. बोट घालून पाणी ‘कोमट’ आहे म्हणणं चालणार नाही. कांडी शोधताना डबा कंटेनरच्या मानेच्या वर उचलू नका आणि कांड्या गोठलेल्या ठेवणाऱ्या द्रव नत्राची पातळी आठवड्याला पट्टीनं मोजा, उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा. कंटेनर एकदा कोरडा पडला तर त्यातल्या सगळ्या वळूंचे गर्भधारणेचे आकडे खोटे होतात.

मूल्य काढताना नुसती सरासरी ताडू नका. समजा ‘अ’ वळूच्या ४ मुली बरोबरीच्या गायींपेक्षा सरासरी ३०० किलो जास्त देतात आणि ‘ब’ वळूच्या २० मुली १५० किलो जास्त. सूत्र: २ × मुली ÷ (मुली + १५) × फरक. ‘अ’चं मूल्य ८ ÷ १९ × ३०० = १२६ किलो. ‘ब’चं ४० ÷ ३५ × १५० = १७१ किलो. वर ‘ब’ येतो. संस्थांच्या बैठकीत हमखास ‘अ’ निवडला जातो.

*तपासा:* कमी दुधाच्या मुली पहिल्या दोन महिन्यांतच बाजारात गेल्या का? तसं झालं तर उरलेल्यांची सरासरी वळूला फुकट वर चढवते. विकलेल्या मुलीची जेवढी नोंद झाली तेवढी धरायचीच. प्रत्येक वळूमागे किती मुली गळल्या हा आकडा निकालाच्या कागदावर वेगळा लिहा. एका वळूच्या दहा टक्के आणि दुसऱ्याच्या चाळीस टक्के गळल्या असतील तर दोघांची तुलना अजून झालेलीच नाही.

मुलींच्या नोंदीत दुधासोबत फॅट, कासेची ठेवण, विताना लागलेली मदत आणि दुसऱ्यांदा गाभण राहायला लागलेले दिवस लिहा. दुधात वर पण अवघड विणाऱ्या मुलींचा बाप हा मोठ्या चणीच्या गायींसाठी ठेवता येतो, कालवडींसाठी नाही.

निकालानंतर वरचे एक-दोन वळू राखलेल्या कांड्यांसह टप्पा ६ मध्ये परत जातात, पुढच्या पिढीच्या गोऱ्ह्यांचे बाप म्हणून. खाली राहिलेल्यांच्या कांड्या साठ्यातून काढून नष्ट करा आणि तशी नोंद करा. ‘वाया कशाला घालवायच्या’ म्हणून त्या दुर्गम गावांना पाठवल्या जातात, आणि पाच वर्षांनी तिथलेच पशुपालक चांगल्या कालवडीसाठी तुमच्या दारात येतात. बाद झालेला वळू गावात सोडू नका, आधी त्याचं खच्चीकरण करून घ्या.